भरलेल्या गाडीचे शॉकअप

माझी गाडी लाल होती आणि कंपनीनंच तिच्या डिकीवर तिरक्या अक्षरात ‘स्पोर्ट’ लिहिलेलं होतं. सेकंडहँड होती, ते मान्य. पण इंजिन सोळाशे सीसीचं, आणि ही गोष्ट दोन हजार सालानंतरच्या पहिल्या पाच-सहा वर्षांतली. तेव्हा आमच्या किन्हवली भागात रस्त्यावर यष्टी, काळीपिवळी जीप, टेम्पो आणि ट्रॅक्टर सोडून फारसं काही दिसायचं नाही. पहिला आठवडाभर लोक मला थांबवून विचारायचे, लग्न कुणाचंय म्हणून.

मी तेव्हा मुरबाडच्या एमआयडीसीत एका कंपनीत क्वालिटीला होतो. म्हणजे दिवसभर गेज आणि व्हर्निअर घेऊन पार्ट मोजायचे, हा बरा, तो बाद. सकाळी किन्हवलीवरनं निघायचं, सरळगावला मुरबाडच्या मोठ्या रस्त्याला लागायचं, संध्याकाळी तसंच परत. मधला रस्ता सागाच्या झाडीतनं जातो, वळणं अशी की एक संपतं न संपतं तोच दुसरं. ज्याला गाडीची आवड आहे त्याला तो रस्ता आणि ती गाडी एकत्र मिळणं म्हणजे काय, हे मी किती भरभरून सांगितलं तरी कमीच पडेल.

एकच भानगड होती. गाडीचे शॉकअप संपलेले होते. खड्ड्यातनं गेली की होडीसारखी तीनदा डुलायची, वळणावर कलायची, आणि मागे माणसं बसली की तिचं बूड रस्त्याला टेकायला बघायचं. मला आधी हे कळलं नव्हतं, कारण मी घेतली तेव्हा एकट्यानंच चालवून बघितली होती. कळलं ते बाबांना मागे बसवलं तेव्हा. आमच्या गावाबाहेर एक दगडी मोरी आहे, रस्ता तिच्यावर उंचवट्यासारखा चढतो आणि उतरतो. त्या मोरीवर गाडी मागनं आपटली, बाबांचं डोकं वर टपाला लागलं, टोपी तिरकी झाली. आई पुढे बसली होती, ती तोंड फिरवून खिडकीबाहेर बघायला लागली, म्हणजे हसत होती.

माझ्या बाबांच्या लेखी गाडी म्हणजे जिच्यात काहीतरी भरता येतं ती. बैलगाडी भरली, ट्रॅक्टरची ट्रॉली भरली, माझ्या गाडीत काय भरायचं हा त्यांचा पहिल्या दिवसापासूनचा प्रश्न. घरी आल्यावर बाबा ओट्यावर बसून पाणी प्यायले आणि म्हणाले, “भात निघालं की ताईकडं तांदूळ जातोय ना. तो ह्या गाडीतून न्हे. धड गेला तर राहू दे दारात. नाय गेला तर इकून टाक आन जीप बघ.”

आता हे ऐकायला सोपं वाटतं. पण आमच्या घरातली रीत अशी आहे की नवं भात भरडलं की पहिल्या दोन गोणी मुरबाडजवळ ताईच्या सासरी जातात, त्या जाईपर्यंत आम्ही घरात नवा तांदूळ शिजवत नाही. आणि गोणी नुसत्या पाठवत नाहीत. बरोबर घरची मोठी माणसं जातात, म्हणजे बाबा, आई आणि काकू. म्हणजे दोन भरलेल्या गोणी, तीन माणसं, मी, आणि काकूचं फणसपोळीपासून पापडापर्यंत जे काय असेल ते बोचकं. हे सगळं स्पोर्ट लिहिलेल्या गाडीत. आणि गाडी राहणार की जाणार ते त्याच्यावर.

मी घाबरलो वगैरे नाही. उलट मला भारी वाटलं. शॉकअप बदलायचेच होते, आता घरनंच परवानगी मिळाल्यासारखं झालं. आणि बदलायचेच तर कंपनीचे साधे कशाला, बाहेरचे चांगले घालू, असं मी ठरवून टाकलं. बोनस हातात होता. पण एकदाच काय ते, दुसऱ्यांदा परवडणार नव्हतं.

शहापूरला स्टँडच्या मागे एक सायबर कॅफे होता. रविवारी तिथं जाऊन बसायचो. गाडीवेड्यांचा एक इंटरनेट फोरम होता, त्यावर पुण्याची, बंगलोरची, दिल्लीची पोरं रात्रंदिवस गाड्यांवर लिहायची. टायपिंग माझं जोरात, कीबोर्ड वाजायचा तसा शेजारी कुंडल्या काढायला आलेला माणूस माझ्याकडं बघायचा. मी तिथं महिनाभर नुसतं वाचलं. स्प्रिंग वजन उचलते, शॉकअप त्या स्प्रिंगला आवरतो, नाहीतर ती उड्या मारत राहते. हे एवढं कळलं की बाकीचं सगळं आपोआप कळायला लागतं. मग पर्याय. नुसते कडक गॅसचे शॉकअप. नाहीतर त्यांच्यासोबत आखूड स्प्रिंगा, ज्यांनी गाडी खाली बसते, वळणावर चिकटून जाते. नाहीतर स्क्रूनं उंची कमीजास्त होणारा पूर्ण सेट, तो पैशानं आपल्या आवाक्याबाहेरचा. मला तर झोपेत स्प्रिंगा दिसायला लागल्या होत्या.

मग मी विचारलं. गाडी अमुक, रोज वापरतो, रस्ता वळणाचा, मधनंमधनं खड्डे, काय घालू? पुण्याच्या एकानं उलटा प्रश्न केला, गाडीत रोज किती जण असतात? मी पटकन टाइप केलं, एकटाच.

आणि इथंच माझं गणित चुकलं. मी खोटं नव्हतं लिहिलेलं. माझ्या डोक्यात मी खरोखरच एकटा जायचो. घरनं एकटा निघायचो, कंपनीत एकटा उतरायचो. मधे जे व्हायचं ते माझ्या लक्षातच येत नव्हतं, कारण आमच्याकडं ते कुणाच्याच लक्षात येत नाही. फाट्यावर माणसं उभी असतात, गाडी थांबते, माणसं बसतात. त्यात विचारायचं नसतं आणि मोजायचं तर मुळीच नसतं. सरळगावच्या बाजाराला जाणारी भाजीवाली मावशी तिच्या पाटीसकट रोज मागे बसायची. जमिनीच्या भांडणापायी मुरबाडच्या कोर्टात चकरा मारणारे आबा पुढे. त्यांच्याशिवाय एक-दोघं कोण मिळतील ते. दिवसभर कंपनीत मिलिमीटरचे भाग मोजणारा मी, माझ्या गाडीत चार माणसं बसतात हे मात्र मोजलं नव्हतं.

एकटा म्हटल्यावर सगळ्या फोरमनं एकमुखानं सांगितलं, आखूड स्प्रिंगा आणि गॅसचे शॉकअप. मी मागवले, कल्याणला एका गॅरेजात बसवले. बसवून झाल्यावर गाडी जरा मागे सरून बघितली आणि काय सांगू, टायर आणि मडगार्डच्या मधे जेमतेम दोन बोटं. अशी दिसत होती की उभ्या जागी पळतेय. कल्याणवरनं मुरबाड, सरळगाव करत घरी आलो. सरळगाव सोडल्यानंतरची ती वळणं, गाडी डुलणं नाही, कलणं नाही, स्टिअरिंग फिरवलं की नाक तिथं. मी एकटाच मोठ्यानं बोलत होतो. घरी पोचलो आणि वळवून परत सरळगावपर्यंत जाऊन आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाट्यावर मावशी पाटी घेऊन बसली, आबा बसले, अजून दोघं बसले. पहिल्याच खड्ड्यात मागचं टायर मडगार्डला घासलं, खर्रर्र. मोरीवर चेंबर घासलं. चेंबर म्हणजे इंजिनाच्या खालची तेलाची टाकी, ती फुटली तर खेळ खलास. मी मोरीच्या आधी गाडी थांबवली आणि सगळ्यांना म्हटलं, जरा उतरता का.

हे मग रोजचंच झालं. मोरी आली की सगळे उतरायचे, मी रिकामी गाडी तिरकी तिरकी काढायचो, सगळे चालत पलीकडं यायचे आणि परत बसायचे. पुढच्या गावातल्या स्पीडब्रेकरला पुन्हा तेच. लोकांना त्याची इतकी सवय झाली की मी ब्रेक मारला की दारं आपोआप उघडायची. आबा तर कोर्टाची पिशवी मांडीवरच धरून ठेवायचे, उतरताना बरी. एके दिवशी मावशी चढता चढता म्हणाली, “तुझ्या गाडीत बसून मी निम्मी वाट पायीच जातेय रे. त्यापरीस यष्टी बरी, ती धूर सोडती पन उतरवीत तरी नाय.”

मी हसलो आणि म्हटलं मावशी, हिला वळणावर बघा. ती म्हणाली वळणावर मी डोळे मिटून घेते.

त्यात उडदाचे दिवस आले. आमच्याकडं उडीद उपटून आणला की त्याच्या वेली डांबरी रस्त्यावर पसरतात. जाणाऱ्या गाड्यांच्या चाकाखाली शेंगा फुटतात, मळणी फुकटात होते. ट्रक आला की बाया खूश. माझी गाडी आली तेव्हाही त्या बाजूला होऊन हात करत होत्या, ये ये म्हणून. मी गेलो. माझ्या खाली बसलेल्या बंपरनं तो पसारा मळला नाही, गोळा केला. पुढे जाऊन थांबलो तर बंपरखाली वेलींचा हा एवढा भारा, आणि मागनं एक बाई झाडू घेऊन पळत येतेय. तिनं काही आरडाओरडा केला नाही. कमरेवर हात ठेवून म्हणाली, “घरी न्हेतोस तर पोतं दितो, असा लोंबवीत कशाला न्हेतोस?” मग तिनं आणि मी रस्त्यावर ओणवं होऊन वेली ओढून काढल्या. तिनं बंपरच्या आतल्या फटीत हात घालून राहिलेला उडीदसुद्धा काढून घेतला. ओंजळभर होता.

त्या ओणव्या अवस्थेतच माझ्या डोक्यात प्रकाश पडला असं म्हटलं तरी चालेल. गाडीत दोष नव्हता, स्प्रिंगांत पण नव्हता. मी प्रश्नच चुकीचा विचारला होता. ही गाडी रिकामी कधी असतच नाही. रिकाम्या गाडीचे शॉकअप निवडून भरलेली गाडी चालवायची, म्हणजे उपाशीपोटी माप देऊन शर्ट शिवायचा आणि जेवून घालायचा.

त्याच रविवारी मी फोरमवर आखूड स्प्रिंगा विकायला काढल्या. नागपूरच्या एका मुलानं घेतल्या, त्याच्याकडं रस्ते सपाट. गॅसचे शॉकअप ठेवले, ते चांगलेच होते. आता प्रश्न फक्त स्प्रिंगांचा, आणि आता मी तो नीट सोडवणार होतो. भात झोडून झालं होतं, गिरणीत जायला गोणी खळ्यात तयार होत्या. म्हणजे हातात फार दिवस नव्हते.

आधी कंपनीच्या जुन्या स्प्रिंगा परत चढवल्या आणि गाडी थेट खळ्यात घेतली. टेप काढली. चारी चाकांचं माप, चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत, आधी रिकामी गाडी. मग डिकीत भाताच्या दोन गोणी. मग आईला आणि काकूला म्हटलं, चला बसा.

काकू पदर खोचून आली, मागे बसली, दार लावून घेतलं, आणि वाट बघत बसली. आई चुलीपुढनं उठून आली होती, ती म्हणाली, “चालू कर ना रे.”

मी म्हटलं चालू नाही करायची, नुसतं बसायचंय.

“नुसतं बसायला घरात ओटा हाय,” आई म्हणाली.

“बस गो,” काकू म्हणाली, “आपला भाव काढतोय तो. तुझा जास्ती येईल.”

बाबांच्या जागी मी शेजारच्यांच्या मुलाला बसवणार होतो, पण बाबा स्वतःच आले. मागे काकूशेजारी बसले आणि समोर बघत राहिले, जशी गाडी चाललीच आहे. मी चारी बाजूंनी टेप घेऊन फिरलो. पुढचं टोक फारसं हललं नव्हतं. मागचं मात्र पार बसलं होतं, नाक वर, बूड खाली, आणि पाहिजे होतं बरोबर तेच माप मला मिळालं. उतरताना बाबांनी विचारलं, काय निघालं. मी सांगितलं की पुढच्या स्प्रिंगा आहेत त्या बरोबर, मागच्या कमी पडतात, आणि सगळीकडनं कडक केली तर उपयोग नाही, फक्त मागं ताकद पाहिजे. बाबा म्हणाले हे तर मी मोरीवरच सांगितलं असतं. पण मी ऐकलं नसतं हे ते बोलले नाहीत.

ही मापं मी फोरमवर टाकली. भाताच्या गोणी, आई, काकू, सगळं लिहिलं. पोरं हसून लोळली. एकानं विचारलं की काकू कुठं विकत मिळेल. पण कोल्हापूरच्या एका माणसानं नीट वाचून लिहिलं की तुझ्याच मॉडेलची एक लांब डिकीवाली एस्टेट गाडी कंपनीनं काढली होती, तिच्या मागच्या स्प्रिंगा ह्याच जागी बसतात, उंची तुझ्या स्प्रिंगांएवढीच, ताकद जास्त. मी ते वाचलं आणि खुर्चीवरनं उठलोच. पुढे आपल्या स्प्रिंगा, मागे एस्टेटच्या, चारी बाजूंना गॅसचे शॉकअप. हेच ते. अजून कुणाला विचारायची गरज नव्हती.

स्प्रिंगा दोन आठवड्यांत आल्या. ह्या वेळी मुरबाडच्या गॅरेजात बसवल्या, माझ्या अटीवर. अट अशी की खालचे रबरी बुश आवळायचे ते गाडी जॅकवर लटकलेली असताना नाही, चाकं जमिनीवर आणि डिकीत वजन असताना. नाहीतर बुश कायम पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो. मेस्त्री म्हणाला वजन कुठनं आणू. मी डिकी उघडून दाखवली, गोणी घरनंच भरून आणल्या होत्या. त्यानं गोणींकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि गाडीखाली शिरला.

तांदूळ न्यायचा दिवस आला. दोन्ही गोणी डिकीत, काकू, बाबा मागे, आई पुढे, बोचकं आईच्या पायाशी. बाबा मुद्दाम मागे बसले होते, बरोबर त्याच जागी. मी मोरीच्या आधी गाडी हळू केली नाही. म्हणजे थोडी केली, खोटं कशाला बोलू, पण उतरायला कुणाला सांगितलं नाही. गाडी चढली, एकदा खाली बसली, एकदा वर आली, आणि पुढे चालायला लागली. खालनं आवाज नाही. आरशात बघितलं तर बाबांची टोपी सरळ होती. काकू म्हणाली, गेली का मोरी?

सगळ्या वळणांना गाडी चिकटून गेली. भरलेली असताना तर आणखीच छान, मागच्या स्प्रिंगा तेवढ्या वजनावर बरोबर बसतात. मी आईला ते समजावून सांगत होतो आणि आई हूं हूं करत होती. ताईच्या दारात गोणी उतरल्या, ताईनं त्यांना हळदकुंकू लावलं, दाजींनी गाडीला एक फेरी मारली आणि टायरला लाथ मारून बघितली, तशी सगळेच मारतात. बाबांनी निकाल असा काहीच दिला नाही. जेवले, सुपारी खाल्ली, चला म्हणाले. आई आणि काकू दोन दिवस ताईकडं राहणार होत्या, म्हणून परत येताना आम्ही दोघंच, बाबा आता पुढे.

आणि रिकामी गाडी मागनं उडायला लागली. मला हे माहीत होतं. वजन उचलायला कडक केलेली स्प्रिंग वजन नसताना टणटण करणारच, दोन्ही गोष्टी एकदम मिळत नाहीत, आणि मी डोळे उघडे ठेवून हेच निवडलं होतं. पण बाबांना मी ते आधी सांगितलं नव्हतं. दोन-चार खड्डे गेल्यावर ते म्हणाले, “आता का उडतेय ही?”

मी सांगितलं, सगळं, न अडखळता. हिला रिकामं राहणं सोसत नाही, मी तशीच केली आहे, कारण आपल्याकडं रिकामी गाडी वर्षात किती वेळा असते.

बाबा सरळगावच्या नाक्यावर म्हणाले, गाडी घे बाजूला. म्हशीसाठी पेंड घ्यायची होती म्हणे, पुढच्या आठवड्यात घेणारच होते, आज घेऊ. दुकानातनं एक पोतं आलं, मग दुसरं पण आलं. बाबांनी स्वतः उभं राहून ती डिकीत पार आत ढकलून घेतली, डिकी लावली, मागे सरून मडगार्ड आणि टायरच्या मधे बोटं घालून बघितली. मी खळ्यात टेप लावत होतो तेव्हा ते गाडीत बसले होते, पण त्यांचं सगळं लक्ष होतं तर. गाडीत बसले. खिडकीची काच खाली केली.

गाडी आता शांत चालत होती. किन्हवलीच्या अलीकडं पुढे यष्टी लागली, काळा धूर सोडत, रस्ताभर पसरून. मी सभ्यपणे मागे राहिलो, बाबा बरोबर होते म्हणून. एक वळण गेलं, दुसरं गेलं. समोर सरळ पट्टा लागला, पलीकडनं काही येत नव्हतं.

बाबा काच वर करत म्हणाले, “हिच्या मागं बसून धूर खायाला घेतली का रे ही गाडी?”

मी तिसरा गिअर टाकला.